सी ड्राइव्हमधली मंगलाष्टकं

यशश्री : पण मी डीमध्येच टाकली होती ना. ‘लग्न’ नावाचा फोल्डर केला होता, तुझ्यासमोर.

विश्वेश : फोल्डर आहे की. आत काय आहे ते बघ. नुसता शॉर्टकट. दारावरची पाटी उचलून आणलीस, घर तिकडेच राहिलं, सीमध्ये. आणि सी मी काल फॉरमॅट केला.

यशश्री : मला न विचारता?

विश्वेश : विचारलं होतं. तू ब्लाउज टाकायला निघाली होतीस. सीमध्ये काही आहे का, तर म्हणालीस, काही नाही. कॉम्प्युटर रखडला की मी विंडोज नव्याने टाकतो. सी पुसायचा, डी जपायचा. शेंबड्या पोरालाही कळतं.

यशश्री : त्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरने कुठे ठेवू म्हणून विचारलंच नाही रे. नुसतं नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. मी बटण शोधलं, नव्हतंच. मेलं आपल्या मनाने सीमध्ये जाऊन बसलं.

विश्वेश : मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी ती. ते काय पाट हातात घेऊन विचारणार, कुठे बसू म्हणून?

यशश्री : दादा, आईचा आवाज होता तो.

विश्वेश : माहीत आहे.

यशश्री : नाही माहीत तुला. तू नव्हतास. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी म्हटली तिने, घसा ठणकत असताना. शेवटी श्वास पुरेना, तरी सूर सोडला नाही. अख्ख्या गल्लीतल्या पोरींच्या लग्नात हिने मंगलाष्टकं म्हटली. माझ्या वेळी आवाज नसेल, म्हणून आधीच म्हणून ठेवली. आता स्वरयंत्रच काढलंय तिचं. कुठून आणू?

विश्वेश : कॉलेज रोडवरच्या दुकानात डिस्क दाखवून आलो सकाळी. त्याने हात टेकले. रडून काही परत येत नाही. मेन रोडला कॅसेट मिळते, चांगल्या गायिकेची.

यशश्री : आणि तिला काय सांगायचं रविवारी, लग्नात?

विश्वेश : रविवारी कशाला? आजच. म्हणायचं, आवाज फाटका आलाय, म्हणून लावत नाही.

यशश्री : म्हणजे दोष तिच्या गळ्याचा?

विश्वेश : गळा नाहीतरी गेलाच आहे. त्याला अजून काय बोल लागणार? नाहीतर खरं सांग. तू भलतीकडे ठेवलास आणि मी पुसला. बघ, होतंय का तुझ्याने.

यशश्री : माणूस आहेस का रे तू?

विश्वेश : हळू बोल. आली ती.

(त्यांची आई मालिनीबाई नदीकाठच्या बाजारातून येतात, पिशवी ठेवतात, गळ्याभोवतीचा रुमाल सारखा करून पाटी-पेन्सिल घेतात. त्यांचं सगळं बोलणं आता पाटीवर.)

मालिनी : मंगलाष्टकं लाव ना जरा. शेजारच्या लताबाईंना ऐकायचीत. बोलावू?

विश्वेश : आई, ती लावायची नाहीत म्हणतोय आम्ही. आवाज फाटका आलाय.

मालिनी : यशू, तू ऐकलीस?

यशश्री : हो.

मालिनी : फारच वाईट?

विश्वेश : सांग ना तिला.

यशश्री : चिरकतोय आई. वरच्या पट्टीत जास्त.

मालिनी : मला म्हणतानाच वाटलं होतं. बरं झालं, भर मांडवात तुमचं हसं झालं असतं.