गाण्याला पाणी

स्टीरिओ घरघरला की लोक दुकानात नेतात, आमच्याकडं बादली घेऊन अंगणात जातात. झालं काय, सोलापूरचा उन्हाळा, आणि स्पीकरमधून गाण्यापेक्षा घरघरच जास्त. वायरमन म्हणाला, "अर्थिंगचा खड्डा सुकलाय, पाणी ओता त्यात." मी बादली उचलली तर आई दारात आडवी.

"नळाला पाणी चार दिवसांनी येतंय, आन् तू गाण्याला पाणी घालायलास व्हय?"

तरी मी ओतलंच. घरघर थांबली, बासरी स्वच्छ वाजायला लागली. आईनं फक्त आवाज वाढवायला सांगितला.

काल दुधनीचे मामा आले, तेव्हा स्टीरिओ परत घरघरत होता. आई आतून म्हणाली, "आरं, पाणी दे की."

मी पेला भरून मामांपुढं धरला.

"दादा थांबतोय की," आई बाहेर येऊन भावाकडं बघत म्हणाली. "आरं, आधी गाण्याला दे."