आईच्या बाकावरची पाटी

मंगळवारी सकाळी दवाखान्यातून फोन आला आणि बायको गेल्याचं कळलं. पुढच्या महिन्यात तिच्या नावाची पाटी करायला मी कोरीवकामाच्या दुकानात गेलो. माझ्यापुढे एक बहीण-भाऊ होते. त्यांना मैदानातल्या बाकावर आईच्या नावाची पाटी लावायची होती.

"नावाखाली रनर लिहा."

"ताई, आई जॉगर होती. रनर शर्यतीत पळतात."

"पळाली की एकदा शर्यतीत."

"ती पोचली तेव्हा मांडव सोडत होते."

"पोचली ना पण?"

"अगं, लोक हसतील."

"बाळ्या, जॉगर कशासाठी पळतो?"

"तब्येतीसाठी."

"आणि आईला डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

"पळू नका म्हणून."

"मग?"

"रनर लिहा."

"नक्की ना? कोरलं की पुसता येत नाही," कारागीर म्हणाला.

"नक्की. खोल कोरा, हा परत भांडायला येईल."

ते गेले. कारागिराने माझा कागद घेतला.

"काका, नावाखाली काय लिहू? काकू काय करायच्या?"

"सगळंच करायची."

"एका ओळीत बसेल असं सांगा."

तिचं नाव कोरून झालंय. खालची ओळ ठरायची राहिली आहे.