सग्डन यांच्या भिंतीतली शेगडी

मी, मॉरीन अ‍ॅक्रॉइड, वय ६३ वर्षे, धंदा शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी, राहणार प्रॉस्पेक्ट रांग, कीथली, यॉर्कशायर, स्वतः ठाण्यात येऊन सांगते की,

मयत वॉल्टर सग्डन, वय ८१, हे माझे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. लोकरीच्या गिरणीतून निवृत्त, विधुर, एकटेच राहत. मुलगा क्लाइव्ह ब्रिस्टलला असतो. वडिलांना भ्रम झाला होता, असे त्याने काल आपल्याला सांगितल्याचे कळले. म्हणून मी आले आहे.

थंडी सुरू होण्याआधी आमच्या रांगेतले गॅसचे बॉयलर काढून बाहेरच्या हवेतून ऊब ओढणारी विजेची यंत्रे बसवायचे काम निघाले. पहिले घर सग्डन यांचे. कामगारांनी खिडक्यांच्या फटी बुजवल्या, छपरावर धुराड्याच्या तोंडाला झाकण बसवले. झाकणाचे क्लाइव्हला फोनवर सांगितले. घरात राहणाऱ्याला सांगावे, हे कोणाच्या डोक्यात आले नाही. जाताना एकाने बॉयलरजवळचा विषारी वायूचा अलार्मही काढला. मी चहा घेऊन तिथेच उभी होते. "आता घरात गॅसच नाही आजोबा, हा कशाला उगाच भिंतीवर?" असे तो म्हणाला. भला मुलगा होता, स्क्रूची भोकेसुद्धा बुजवून गेला.

हे यंत्र रात्रंदिवस मंद चालू ठेवायचे असते. आम्हाला ती सवय नाही. सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर रेडिएटर चटका बसेल इतका तापवायचा आणि बंद करायचा, यातच आम्ही सगळे वाढलो. सग्डनही तेच करत राहिले. त्यामुळे त्या दगडी भिंती कधी तापल्याच नाहीत.

"हात लाव याला, मॉरीन," रेडिएटर दाखवून ते मला म्हणाले. "विसरून राहिलेल्या चहासारखा!"

"अहो, बंद करू नका म्हणून बजावलंय ना त्यांनी?"

"मग मी दुकानात गेल्यावर ऊब कोणाला देऊ, खुर्चीला?"

माझ्या घरी मीही तेच करते.

शनिवारी बर्फ पडला. त्यांनी जुन्या शेगडीपुढची फळी काढून कोळसा पेटवला. आमच्याकडे धुराच्या कोळशाला बंदी आहे, म्हणून नियमाप्रमाणे बिनधुराचा आणला होता. साधा असता तर खोलीत धूर कोंडला असता, डोळे चुरचुरले असते, त्यांनी दार उघडले असते. याचा विषारी वायू ना दिसतो, ना त्याला वास येतो. पेटवण्याआधी धुराड्यात हात घालून त्यांनी कावळ्याचे घरटेही काढले होते. ते मागच्या अंगणात बादलीत आहे, पाहून घ्यावे. भ्रमिष्ट माणूस एवढे करत नाही.

रविवारी दुपारी मी नेहमीप्रमाणे त्यांचे ताट घेऊन माझ्याकडच्या किल्लीने आत गेले. ते शेगडीपुढे खुर्चीत होते. अंगातला कोट काढलेला होता. घरात त्यांना कोटाशिवाय पाहून कितीतरी आठवडे झाले होते. गालांवर लाली होती. ती त्या वायूची, हे मला मागाहून कळले; तेव्हा मला बरे वाटले. "लागली म्हणायची एकदाची ऊब," असे मी म्हणाले आणि ताट मांडून मग त्यांचा हात हलवला.

हा जबाब मला वाचून दाखवला. त्यात 'वार्धक्यामुळे गोंधळलेले' असे लिहिले होते. ते शब्द माझे नव्हेत. मी ते समोर बसून खोडून घेतले. उरलेला मजकूर मी सांगितला तसाच आहे.