डांबराचा दुसरा थर

…आणि वर तो सिल्व्हियो मलाच सांगतो, "ओस्मो, घाई करू नकोस." घाई करू नकोस? अहो, ऑक्टोबर उजाडलाय, रानहंस केव्हाच दक्षिणेला उडून गेलेत, सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरते, घरासमोरचा सगळा रस्ता खणून गुडघाभर खड्डा करून ठेवलाय, त्या खड्ड्यात आठ दिवसांच्या पावसाचं पाणी साचलंय, घरात बायको हृदयाचं दुखणं घेऊन बसलीय, आणि मी घाई करायची नाही? तुम्हाला सांगतो, थंडी काय कुणासाठी थांबते?

नाही, तुम्ही म्हणाल, ड्राइव्हवे तो काय, त्याचं एवढं काय घेऊन बसलाय हा ओस्मो. मीही तेच म्हणायचो. तीस वर्षं म्हणालो. हमरस्त्यापासून आमच्या गॅरेजपर्यंत चढाचा साठ पावलांचा मुरमाचा रस्ता, हिवाळ्यात दगडासारखा घट्ट, उन्हाळ्यात धूळ, आणि मार्च-एप्रिलमध्ये… मार्च-एप्रिलमध्ये खीर! आमच्या कॅनडातल्या थंडर बे भागात ज्याच्या नशिबी चिकणमातीची जमीन आली, त्याला विचारा. ती माती पाणी पिते, हिवाळ्यात ते पाणी गोठतं, मग जमीन फुगते, अगदी यीस्ट घातलेल्या पावाच्या पिठासारखी, आणि बर्फ वितळला की फस्सकन खाली बसते. गाडीचं चाक गेलं की गेलं.

तर त्या मार्चमध्ये हेल्मी, म्हणजे माझी बायको, भांडी पुसता पुसता खुर्चीत बसली. म्हणाली, "ओस्मो, छातीवर कुणीतरी बसलंय." एवढंच. ओरडणं नाही, काही नाही. फिनलंडहून आलेल्या आईबापांची मुलगी, ओरडणार कशाला! मी फोन केला, अँब्युलन्स आली, हमरस्त्यावरून वळली, दहा पावलं वर चढली आणि बसली खाली, एक्सलपर्यंत! चाकं गरागरा फिरताहेत, चिखल उडतोय, आणि मी दारात उभा. मग काय, ती अँब्युलन्सची पोरगी, तिचा जोडीदार आणि माझा मेव्हणा रायमो, तिघांनी मिळून हेल्मीला उतारावरून खाली नेलं. कशावरून नेलं? गोठलेल्या तळ्यावर मासे पकडायला जाताना मी सामान ओढून नेतो, त्या घसरगाडीवरून! आणि ती तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा असताना तो बाजूला सारून मला म्हणते, "धुतली का नाहीस रे ही? माशांचा वास येतोय."

वाचली. वाचली हो, देवाची कृपा. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास उशीर झाला असता तर… पण त्या 'तर'नं माझ्या मनात जे घर केलं! मी कागदाच्या गिरणीत चौतीस वर्षं बॉयलरच्या काट्यांवर नजर ठेवून बसलेला माणूस. काटा लाल रेघेकडे सरकला की माझ्या हाताला घाम. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, सुटलो. सुटतो कसला! आता काटा घरातच होता, स्वयंपाकघरात वावरत होता, पॅनकेक उलटत होता!

म्हणून ठरवलं, डांबरी रस्ता. पक्का. सिल्व्हियोला बोलावलं. हा सिल्व्हियो, बाप इटलीहून आलेला, तरुणपणी हॉकीत माझ्या विरुद्ध खेळायचा, माझा पुढचा दात त्याच्याच काठीनं गेलाय, पण रस्त्याच्या कामात त्याच्यासारखा माणूस नाही. आला, टाच मारून जमीन दाबली, माती हातात घेऊन मळली, नाकाला लावली आणि म्हणाला, "ओस्मो, वरचं डांबर म्हणजे नुसती टोपी. खरा रस्ता खाली असतो. ही सगळी चिकणमाती काढायची, तळाला जाड कापड अंथरायचं, म्हणजे खालची माती खडीत मिसळत नाही, त्यावर खडी, थराथरानं दाबून, पाणी बाजूच्या चरात जाईल असा उतार, आणि मग डांबराचे दोन थर. एक जाड, एक बारीक. मग तुझी नातवंडंसुद्धा म्हातारी होतील यावर."

रायमो बाजूला उभा होता. हा माझा मेव्हणा, कुणी न विचारता मत देता येतं हे देवानं याला जन्मतःच शिकवलंय. "एवढं खणायचं? माझ्याकडे एका दिवसात केलं! आहे त्या मुरमावर दोन बोटं डांबर, की झालं!" मी म्हटलं, "आणि तुझ्याकडे मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडल्यात, त्याचं काय?" तर म्हणतो, "त्यानं पकड चांगली मिळते."

सिल्व्हियोनं ऑगस्टचा वायदा केला. ऑगस्टमध्ये त्याचा रोलर बिघडला. सप्टेंबरच्या शेवटी आला आणि दोन दिवसांत सगळं खणून मोकळा. आणि तिसऱ्या दिवशी पाऊस! आठ दिवस! "ओल्या मातीवर खडी टाकली तर चिखलात दात बसवल्यासारखं होईल," म्हणतो, आणि गेला घरी. आणि इथे मी! आता मला सांगा, आधी निदान खिरीसारखा का होईना, रस्ता होता. आता रस्ताच नाही! घरापासून हमरस्त्यापर्यंत नुसता खंदक, त्यावर दोन फळ्या. अँब्युलन्स येणार कुठून? हेल्मीनं जरा खोकलं की मी उडायचो. ती जिन्यात थांबली की मी हाक मारायचो, "काय होतंय?" ती म्हणायची, "विचार करतेय." "कसला?" "तुला तळघरात कोंडून ठेवावं का, याचा."

शेवटी मी सराव करायचं ठरवलं. हसू नका! घसरगाडी धुतली, साबणानं, दोनदा. रायमोला बोलावलं. घसरगाडीवर बटाट्याची पोती ठेवली, बासष्ट किलो, दोर धरले, आणि खंदकाच्या कडेकडेनं, झुडपांतून, खाली हमरस्त्यापर्यंत. घड्याळ लावून! पहिल्यांदा अकरा मिनिटं लागली आणि एक पोतं खड्ड्यात गेलं. रायमो म्हणतो, "ताई गेली!" मी म्हटलं, "अभद्र बोलू नकोस!" आणि वर खिडकीतून हेल्मीचा आवाज, "माझं वजन अठ्ठावन्न आहे, ओस्मो. वरचे चार किलो काढ."

तुम्हाला सांगतो, थंडी काय कुणासाठी थांबते? डांबराचा कारखाना ऑक्टोबरच्या शेवटी बंद. बंद म्हणजे थेट मे महिन्यापर्यंत कुलूप. आणि मी व्हरांड्यातल्या तापमापकासमोर, गिरणीत बसायचो तसाच, खुर्ची टाकून. नऊ. सात. आठ… आठ झाले हेल्मी! परत सहा.

पाऊस थांबला, सिल्व्हियो आला, माती सुकवली, कापड अंथरलं, खडी आली. थर टाकायचा, रोलर फिरवायचा, परत थर, परत रोलर. घरातल्या कपबशा चार दिवस नाचत होत्या. मी त्याच्या मागे मागे. "इथे जरा खोलगट वाटतंय." "नाहीये." "पाणी साचेल." "साचणार नाही." "बादली ओतून बघू?" बघितली ओतून! सात बादल्या! पाणी बरोब्बर चराकडे गेलं. सिल्व्हियो पोरांना म्हणाला, "याला कुणीतरी कॉफी द्या रे, आणि कपाला झाकण लावून द्या, नाहीतर तीही ओतून बघेल."

एकोणीस तारखेला पहिला थर पडला. अकरा अंश, ऊन, वारा नाही. वाफाळतं काळंभोर डांबर, मागून रोलर… काय सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वासानं असेल. दुसरा थर सत्तावीस तारखेला ठरला.

आणि सत्तावीस तारखेला सकाळी बघतो तर दोन अंश. गावालगतच्या सरोवराकडून बोचरा वारा, आणि हवेत… नाही, मी म्हटलं, राख असेल, कुणीतरी पाला जाळत असेल. राख नव्हती हो. हिमाचे कण होते. सिल्व्हियो फोन कानाला लावून उभा, पलीकडे कारखान्यात ट्रकवाला विचारतोय, भरू का? सिल्व्हियोनं माझ्याकडे पाहिलं. "ओस्मो, आज टाकलं तर तू आज खूश होशील. पण बारीक थर, वर हा वारा, दहा मिनिटांत गार पडेल. गार डांबरावर रोलर कितीही फिरव, ते दबत नाही. आत भोकं राहतात, भोकांत पाणी, पाण्याचा बर्फ, आणि एप्रिलमध्ये हातात भुगा."

रायमो म्हणाला, "टाक रे, मी सांगतो!" मी म्हटलं, "टाक सिल्व्हियो, अरे टाक, उद्या आणखी गार होईल, परवा कारखाना बंद, मी काय करू अर्धवट रस्ता घेऊन, हिला काही झालं तर?" आणि माझा आवाज चिरकला, सगळ्यांसमोर चिरकला. सिल्व्हियो जमिनीकडे बघायला लागला. पोरं रोलर पुसायला लागली.

मागून हेल्मी आली, माझा कोट अंगावर घालून. "खालचा थर अँब्युलन्सचं वजन पेलेल का?"

"डंपर पेलेल, वहिनी."

"मग थांबायचं. ओस्मो, गारठलेलं लोणी पावावर फासायला जातोस तेव्हा काय होतं?"

मी म्हटलं, "पाव फाटतो."

"मग?"

सिल्व्हियोनं फोनवर एवढंच सांगितलं, "भरू नकोस." आणि माझा रस्ता राहिला अर्धा! गॅरेजच्या तोंडाशी फरशीपेक्षा चार बोटं खाली, बिनटोपीचा, खडबडीत!

तो हिवाळा मी कसा काढला, माझं मला माहीत. दिवसातून तीनदा बर्फ काढायचो. गॅरेजच्या त्या कडेला लाल झेंडे लावले. शेजारी विचारायचे, स्पर्धा आहे का कसली? आणि मनात एकच, खाली जमीन फुगली तर? फुगत असेल तर कळणार कसं? म्हणून मी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली आणि रोज सकाळी पट्टी घेऊन मोजायचो. हेल्मी म्हणायची, "घरात ये, गोठशील." मी म्हणायचो, "थंडी काय कुणासाठी थांबते?" ती म्हणायची, "ती नाही थांबत, तू तरी थांब!"

फेब्रुवारीत, उणे सत्तावीस, मी दोरीखाली पोटावर झोपून मोजत होतो. एक केस, एका केसाएवढा फरक वाटला! दोरी ढिली झाली की जमीन वर आली? धडपडत उठलो, चष्म्यावर वाफ, पाय पडला तो नेमका गॅरेजच्या त्या चार बोटांच्या कडेवर, माझ्याच लाल झेंड्यांच्या मधोमध! कडाक्कन आवाज आला. तुम्हाला खरं सांगतो, पहिला विचार मनात काय आला माहितीये? रस्ता तडकला!

हेल्मीनं फोन केला. माझ्या अंगावर घोंगडी टाकली, डोक्याखाली उशी दिली, आणि शेजारी उभी राहिली, शांत. आणि अँब्युलन्स आली. वळली. मी मान वर करून बघतोय, घड्याळ डोळ्यांसमोर, पायातून कळा येताहेत आणि मी ओरडतोय, "डावं चाक बघ, हेल्मी, डावं चाक घसरतंय का?" कुठलं घसरतंय! सरळ वर, दारापर्यंत, एका दमात, अठरा सेकंद! आतून तीच पोरगी उतरली, मार्चमधली. धावत हेल्मीकडे गेली, "आजी, बसा, बसा, छातीत कुठे दुखतंय?"

हेल्मी म्हणाली, "मी ठणठणीत आहे गं. ते बघ, पेशंट खाली पडलाय."

जूनमध्ये दुसरा थर पडला. चोवीस अंश, लख्ख ऊन. आणि मी? मी खिडकीत, खुर्चीवर, पायात सळई, दुसऱ्यांदा घातलेलं प्लास्टर मांडीपर्यंत, कारण हाड नीट जुळलं नाही म्हणून पुन्हा कापाकापी. खिडकी बंद! हेल्मीनं बंद केली, मी ओरडतो म्हणून. बाहेर हेल्मी सगळ्यांना कॉफी देतेय, बोट दाखवतेय, सिल्व्हियो मान डोलावतोय, आणि दुपारच्या आत काम खलास. सिल्व्हियो आत आला, टोपी काढली आणि म्हणाला, "चाळीस वर्षांत इतकं सुरळीत काम झालं नव्हतं. आता प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी विचारणार, पाय मोडून घ्याल का म्हणून."

चार दिवस कुणी पाऊल टाकायचं नाही, असं त्यानं बजावलं होतं. पाचव्या दिवशी सकाळी हेल्मी टपालाच्या पेटीपर्यंत निघाली, एकटी. आधी ही चढावर दोनदा थांबायची. मी खिडकीत, काचेला नाक लावून. उतरली. पेटी उघडली. वळली. चढायला लागली… पहिला टप्पा, थांबली नाही. दुसरा, थांबली नाही. मी पावलं मोजतोय, हाताला घाम. दारात आली, गाल लाल, हातात पाकिटांचा गठ्ठा, सगळी हाडांच्या डॉक्टरांची, माझ्या नावाची.

मला राहवेना. मी विचारलंच, "हेल्मी, बघितलंस ना नीट? कुठे भेग दिसली का गं?"

तिनं एकेक पाकीट फोडलं, तिसऱ्यातला कागद वाचला आणि म्हणाली, "एकच आहे. या तिसऱ्या पाकिटात, तुझ्या एक्स-रेत."

मी म्हटलं, "दे इकडे, बघू तरी किती रुंद आहे."