सगळ्यांच्या सोयीचं

(न्यूयॉर्क. कोर्टासमोरच्या चौकातला बाक. उरुग्वेचे म्हातारे इंजिनियर नेल्सन इरुरेता आणि त्यांच्या वकील रोझलिंड किओ.)

इरुरेता : पण मी जिंकलो का हरलो, एवढं तरी सांगा वकीलबाई. जज्जसाहेब माझ्याकडे बघून इतकं गोड हसले, मला वाटलं जिंकलो.

रोझलिंड : दावा फेटाळला. तुमचं चुकलं असं नाही म्हणाले. हे प्रकरण इथं चालवण्यापेक्षा, ज्या सरकारनं तुमचे पैसे थकवलेत त्याच्याच देशात चालवणं सगळ्यांच्या सोयीचं आहे, म्हणाले.

इरुरेता : सगळ्यांच्या म्हणजे कुणाच्या?

रोझलिंड : सरकारच्या. कागद तिकडचे, कायदा तिकडचा.

इरुरेता : अहो, तिकडं तर मी आधीच जिंकलोय. त्यांच्याच राजधानीत, त्यांनीच मान्य केलेल्या लवादानं निवाडा दिला. पाणी शुद्ध करायचा कारखाना इरुरेतानं उभा केला, त्याचे पैसे द्या. आता पुन्हा काय ऐकायचंय?

रोझलिंड : मीही तेच म्हणाले. भांडण संपलंय, उरलीय ती वसुली, आणि सरकारचे पैसे इथल्या बँकेत आहेत. बाहेरच्या देशातला निवाडा कुठल्या कारणांसाठी नाकारता येतो, ते आंतरराष्ट्रीय करारात लिहिलंय. त्यात ‘गैरसोय’ कुठंच नाही.

इरुरेता : मग?

रोझलिंड : त्या सरकारचा एक कायदा आहे. असल्या निवाड्यांपोटी सरकारनं दरवर्षी थोडेथोडेच पैसे द्यायचे. त्या कायद्याचा मान ठेवायला हवा, म्हणाले.

इरुरेता : थोडेथोडे करून माझे कधी फिटणार?

रोझलिंड : तुमची नात निवृत्त होईल तोवर.

इरुरेता : ती अजून शाळेत जायचीय.

रोझलिंड : माहितीय मला.

इरुरेता : पण मी म्हातारा आहे, तिकडं खेटे घालणं झेपणार नाही, हे तुम्ही सांगणार होतात ना?

रोझलिंड : तेच सांगत होते. तेवढ्यात तुम्ही उठून उभे राहिलात.

इरुरेता : जज्जसाहेबांनी नाव घेतलं माझं. नाव घेतल्यावर बसून राहू?

रोझलिंड : ताठ उभे, टोपी छातीशी धरून. सरकारच्या वकिलानं लगेच उचललं. हे गृहस्थ उरुग्वेहून इथवर येतात, मग शेजारच्या देशात जायला काय झालं? तिकीटही स्वस्त पडेल.

इरुरेता : म्हणजे माझ्यामुळेच.

रोझलिंड : तेवढ्यानं निकाल फिरत नसतो. पण खरं सांगू? त्या क्षणी राग आला होता मला तुमचा.

इरुरेता : यायलाच हवा. मला आपलं वाटत होतं, माणूस समोर दिसला की कागदाला वजन येतं.

रोझलिंड : वरच्या कोर्टात जाऊ. तिथं काय होईल ते मात्र छातीठोक सांगता येणार नाही.

इरुरेता : जाऊ. माझे दोघेही भागीदार गेले. त्यांच्या घरी जाऊन सांगून आलोय, यंदा होईल म्हणून. आता कुठल्या तोंडानं परत जाऊ? बरं, कारखान्याच्या त्या गावात नळाला पाणी येतं का हो?

रोझलिंड : येतं की. तुमच्याच कारखान्याचं.

इरुरेता : त्या गावी मी आनंदानं गेलो असतो. पण हात पसरायला नाही.

रोझलिंड : एक अट आहे. पुढच्या सुनावणीला तुम्ही यायचं नाही. घरी बसून म्हातारं व्हायचं.

इरुरेता : तेवढं जमेल. म्हणजे आता इकडं पुन्हा येणं नाही. जायच्या आधी ती बँक दाखवता?

रोझलिंड : काय करणार बघून?

इरुरेता : काही नाही. नुसती बघायचीय. लांब आहे का? गुडघा कुरकुरतोय.

रोझलिंड : उठू नका. ती काय, समोर. हिरव्या दाराची.

इरुरेता : ती? अहो, सकाळी थर्मास रिकामा झाला, तर तिथंच गेलो होतो मी. पाणी मागितलं. लगेच दिलं हो त्यांनी.