कांदे निघेपर्यंत

बेबी: अरे पण दादा, दोन्ही कशाला आणलेस? काहीतरी एक ठरवायचं ना!

दादा: ठरवूनच गेलो होतो. लाल कांदाच घ्यायचा. रोपवाटिकेतला माणूसही म्हणाला, लाल घ्या, टिकतो. म्हटलं, द्या. मग म्हणाला, पण खायला पांढरा गोड. म्हटलं, मग तो द्या. तर विचारतो कसा, काका, तुम्हाला साठवायचाय की खायचाय?

बेबी: मग? काय सांगितलंस?

दादा: मागे माणसं खोळंबली होती. म्हटलं, दोन्हीच्या जुड्या बांधा.

बेबी: धन्य आहेस! जन्मभर एवढी मोठी बस चालवलीस, कधी वळण चुकला नाहीस...

दादा: तिथे रस्ता ठरलेला असायचा गं. वर पाटी लावलेली.

बेबी: बरं, यातली लाल कुठली आणि पांढरी कुठली?

दादा: ही लाल. थांब. लाल दोऱ्याची पांढरी म्हणाला होता. की लाल दोऱ्याची लाल?

बेबी: मला काय विचारतोस? सगळी हिरवीच दिसतायत.

दादा: लावून टाकू. निघाली की कळेलच.

बेबी: कधी निघतील?

दादा: थंडीभर वाढतात. ऊन तापायला लागलं की पात पिवळी पडते, माना टाकते. मग काढायचे.

बेबी: म्हणजे उन्हाळ्यात.

दादा: उन्हाळ्याच्या तोंडाशी. शेंडे जरा छाटून देतेस? तुझी कात्री आण.

बेबी: माझी कापडाची कात्री मी मातीत घालणार नाही. आणि दादा, तू आठ दिवसांसाठी आला होतास ना?

दादा: हो.

बेबी: महिना होऊन गेला त्याला. तू मला जड नाहीस, उगाच मनात आणू नकोस. मागची खोली रिकामीच होती. पण कपडे शिवायला येणाऱ्या बायका विचारतात, भाऊ कायमचा आलाय का? मी काय सांगू? वहिनीशी भांडलास का?

दादा: नाही.

बेबी: मग ती भांडली?

दादा: नाही गं. भांडण असतं तर सोपं होतं. मिटवलं असतं.

बेबी: मग झालं काय?

दादा: तेच तर कळत नाही. रोपं बोटभर अंतरावर लावायची का गं, की वीतभर?

बेबी: वीतभर लाव नाही तर हातभर लाव! मी आत चालले, मशीनवर काम पडलंय.

*

वहिनी: पाणी नको, चहा नको, वन्सं. आधी सांगा, हे आहेत कुठे?

बेबी: मागे, परसात. थंडी असो, वारा असो, कांद्यातच असतो. वहिनी, मी फोन केला होता हे त्याला सांगू नका हं.

वहिनी: कुठला फोन सांगू नको? परवा म्हणालात, येऊन घेऊन जा. काल म्हणालात, इतक्यात नको. मी नक्की करायचं काय?

बेबी: मलाच धड कळत नाही. संध्याकाळी मशीन बंद केलं की घरात कुणीतरी बोलायला असतं. त्याची सवय लागली. मग वाटतं, हे बरं नाही, तुमचा संसार आहे. सकाळी एक वाटतं, दुपारी दुसरंच.

वहिनी: चला, दाखवा.

दादा: बेबी, बघ गं, या रोपांना डेंगळे आलेत. कांदा पोसायच्या आधीच फूल! थंडी पडली, मध्येच ऊन तापलं, परत थंडी. रोपं बिचारी गांगरली. आता उपटू की राहू देऊ... अरे. तू?

वहिनी: मी. ओळखलंत, बरं झालं.

दादा: बरी आहेस?

वहिनी: गुडघा दुखतो. तुम्ही?

दादा: मी... बराच आहे म्हणायचं.

वहिनी: मी काय केलं तेवढं सांगा. ऐकून लगेच जाते. रोज भांडी घासताना तेच आठवत बसते. शेजारीण विचारते, माझी बहीण विचारते.

दादा: तू काहीच केलं नाहीस.

वहिनी: मग माणूस पिशवी भरून निघतो कसा?

दादा: तू म्हणालीस, जरा सरका.

वहिनी: काय?

दादा: फरशी पुसत होतीस. मी खुर्चीत होतो. जरा सरका म्हणालीस, म्हणून पलंगावर जाऊन बसलो. तिथे तू चादर बदलायला आलीस. स्वयंपाकघरात गेलो, तर तिथेही तुझ्या मध्येच. शेवटी जिन्यात जाऊन उभा राहिलो. नोकरी सुटल्यापासून रोज असंच.

वहिनी: अहो, सरका म्हटलं की माणूस दोन हात सरकतो. तुम्ही दोन गावं सरकलात!

बेबी: वहिनी, हसू नका, मलाही हसू येतंय.

वहिनी: हसतेय कुठे मी?

दादा: रडू नकोस. राग नव्हता आला मला, खरंच. मी पहाटे निघायचो, रात्री यायचो. घर तुझं होतं, तुझ्या पद्धतीनं चाललेलं. साखरेचा डबा कुठे असतो तेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. म्हटलं, आठ दिवस बेबीकडे जाऊन येऊ. आणि मग परत यायचं तर काय म्हणून यायचं, तेच सुचेना.

वहिनी: आणि मी समजत होते, मी नकोशी झाले. दिवसभर बाहेर असायचात म्हणून इतकी वर्षं निभावलं, असं वाटायचं.

दादा: छे! भलतंच काय!

वहिनी: मग फोनवर नुसतं ‘बरं आहे, बरं आहे’ का?

दादा: तूही तेवढंच बोलायचीस.

बेबी: मी आत जाऊ का?

वहिनी: थांबा, वन्सं. तुम्ही गेलात की आम्ही पुन्हा गप्प बसू.

दादा: हो, थांब गं.

वहिनी: चला घरी.

दादा: आत्ता? कांदे अर्धे झालेत. बेबीला शिवणातून पाणी द्यायला जमायचं नाही.

वहिनी: म्हणजे यायचं नाही.

दादा: यायचंय. म्हणजे, यायचंय असं वाटतं. पण आज आलो तर उद्या पुन्हा त्याच खुर्चीत बसेन. धास्ती वाटते मला त्या खुर्चीची.

वहिनी: मला तुमचं बोलणं कळत नाही.

दादा: मला तरी कुठे कळतंय?

वहिनी: आणि हे काय जपून ठेवलंय? कांदा आहे हा?

दादा: कांदाच असणार. रांगेत आहे.

वहिनी: गवत आहे अहो! द्या ते खुरपं इकडे. आणि काय ही दाटी! पोसायला जागा नको का त्यांना?

बेबी: मी वीतभर म्हटलं होतं.

दादा: हातभरही म्हणाली होतीस!

*

वहिनी: माना टाकल्या की सगळ्यांनी! पाणी कधी तोडलंत?

दादा: मागच्या रविवारी आलीस तेव्हा सांगून गेलीस, त्याच दिवशी. दर रविवारी नवीन काहीतरी सांगतेस, तेवढं करतो.

बेबी: एकाच रांगेत लालही निघतायत आणि पांढरेही. काय लावलंस कोण जाणे.

दादा: हा बघ, हा तर गुलाबी!

वहिनी: असू दे. जाड मानेचे आणि जोडकांदे वेगळे काढा, ते आधी खायचे. डेंगळ्यांचेही. उरलेले सावलीत सुकवू.

दादा: आणि सुकल्यावर?

वहिनी: सुकल्यावर न्यायचे. आपल्या घरामागे मोरीच्या पलीकडे तुकडा आहे, मोडक्या सामानानं भरलाय. तो रिकामा केलात तर तुमचा. मी पाय ठेवणार नाही तिथे.

दादा: काय लावू?

वहिनी: ते मी सांगणार नाही.

दादा: जमेल का गं? घरात दिवसभर मी, दिवसभर तू.

वहिनी: काय माहीत? गेल्या रविवारी तुम्ही चहा केलात, तर मला कुठे उभं राहावं कळेना. मलाही शिकावं लागेल.

दादा: मग केव्हा निघायचं?

वहिनी: पुढच्या रविवारी, कांदे सुकले की.

बेबी: ठरलं म्हणजे.

दादा: ठरलं असं नाही गं... हो, ठरलंच बहुतेक.

*

बेबी: माझ्यासाठी किती ठेवलेस?

दादा: अर्धे. ही अख्खी टोपली तुझी.

बेबी: एकटीला इतके? सडतील रे. थोडे काढून घे... नाही, राहू देत. राहू देत तेवढे. संपवायला ये म्हणजे झालं. या म्हणजे. दोघं या.

वहिनी: वन्सं, तुम्हीही या. मशीन बंद ठेवायचं दोन दिवस. अहो, ही गोणी मला एकटीला उचलत नाही. एक बाजू तुम्ही धरा.

दादा: धरली. चल. बेबी, येतो गं. खोली आवरून ठेवलीय.

बेबी: कशाला आवरलीस? जपून जा. फाटक नुसतं लोट, दादा. कडी नको लावूस.