खोलीत कापूस, ओट्यावर एसी

…अन् वरून तो मलेच विचारते, "काका, एसी लावू कुठी?" आता तुम्हीच सांगा भाऊ, एसी बसवाचा धंदा तुहा, अन् कुठी लावू म्हणून मलेच विचारतं? म्हटलं, खोलीत लाव. तं म्हणे, "खोली कुठी हाये?" तुमाले सांगतो, तसं त्याचंही काही चुकलं नव्हतं… दार उघडलं होतं त्यानं, अन् अंदर खोली नव्हतीच. कापूस होता! फरशीपासून तं पार आढ्यापरेंत, या भिंतीपासून त्या भिंतीपरेंत, निरा कापूस! दार उघडल्याबरोबर लोंढाच्या लोंढा आला त्याच्या अंगावर, अन् हा मतीन मिस्त्री, मेहकरहून स्कूटरवर ड्रिल घेऊन आलेला, कापसातून मुंडकं बाहेर काढून म्हणते कसा, "काका, ये क्या है?" म्हटलं, कापूस. "वो तो दिख रहा… आक्छी! मी खोली विचारून राह्यलो… आक्छी!"

आता खोलीत कापूस काऊन, असं तुम्ही विचारसान. विचारा! अहो, आमच्या डोणगावात यंदा कोणाच्या घरात कापूस नाही? मांगच्या साली ज्यानं दिवाळीले विकला तो पस्तावला, अन् ज्यानं धरून ठेवला त्याच्या दारात नवी मोटरसायकल आली. मंग यंदा सारं गाव शहाणं झालं! बीटीचं बियाणं महाग, फवारणी महाग, वेचणी त्याहून महाग, निम्मा माल तं गुलाबी अळीनंच खाल्ला, अन् जो वाचला तो काय असाच देऊन टाकावा? धरला! आमचा शंकरराव हाये ना, पानटपरीवर बसून साऱ्या गावाले भाव सांगते, तो दिवाळीत म्हणे संक्रांतीले वाढन. संक्रांतीले म्हणे होळीले वाढन. होळीले म्हणे, "उकंडराव, अक्षय तृतीया होऊ द्या, मंग पाहा गंमत!" गंमत पाहूनच राह्यलो… त्या कापसातले बारीक किडे असे चावत, का माणसाले खाजवाले दोन हात पुरत नव्हते. माही बाज तवापासून बाहेर ओट्यावर. पण भाव? भाव वाढत होता ना, शंकररावाच्या तोंडात!

अन् अशा घरात एसी कायले? माह्या पोरीपायी. अर्पिता. एकुलती एक, पुण्याले देलेली, अन् तिचं पहिलं बाळंतपण. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तं ठरलेलंच असते. पण तिले बीपीचा त्रास, अन् दिवस भरत होते नेमके मे महिन्यात. आमचा मे महिना तुमाले ठाऊक हाये ना? टिनावर पापड ठेवला तं भाजूनच निंघते! तिच्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं, गरमीत ठेवाचं नाही. अन् आमचे जावईबापू, राम नाव त्यांचं, माणूस सोन्यासारखा, पण बोलतात एकदम मोजूनमापून, "मामाजी, तिकडे एसी बसला तर पाठवतो. नाहीतर बाळंतपण इथेच करू." इथेच! हे ऐकून आमच्या घरच्या अन्नपूर्णाबाईचं तोंड असं उतरलं, असं उतरलं… कारण तिची तयारी पोरीच्या लग्नापासून चालू. डिंक, खोबरं, बाळंतशोपा, जुन्या लुगड्याची दुपटी… अन् गोठ्यात एक पोतं. त्या पोत्यावर मी मांगून येतो.

तं मेहकरहून मशीन आणली. अन् मंग रोज संध्याकाळी पुण्याहून फोन. "मामाजी, एसी बसला का?" म्हटलं, बसूनच राह्यला जावईबापू, बसूनच राह्यला! खोक्यात बसला होता, ओट्यावर, माह्याशेजारी.

पण मतीनही काही कच्चा गडी नाही. म्हणे, मशीन तं वर भिंतीलेच लावाची, खाली काय हाये त्याच्याशी मले काय करणं? अन् ड्रिल घेऊन कापसावर चढला! पहिलं पाऊल टाकलं, गुडघ्यापरेंत अंदर. दुसरं टाकलं, कमरेपरेंत. तिसऱ्या पावलाले ड्रिल दिसे, मतीन दिसेच ना! मी अन् अन्नपूर्णाबाईनं ड्रिलच्या वायरीले धरून ओढला त्याले, विहिरीतून बादली ओढावी तसा. बाहेर आला, नाकातोंडातला कापूस काढला अन् म्हणे, "काका, या ड्रिलची एक ठिणगी पडली ना, तं तुमचा कापूस, तुमचं घर अन् मी, तिघंही एकाच दमात जाऊ. घरी फलकले काय सांगसान तुम्ही?" फलक म्हंजे त्याची बायको. आता मी काय सांगणार होतो तिले? म्हटलं, ठेव बे ते ड्रिल.

मंग म्हणे, तुम्ही खोली खाली करा, तवापरेंत मी वायरिंग करतो. बोर्ड खोलला अन् पाहातच राह्यला. "काका, ही वायर कोणं ओढली?" म्हटलं, माह्या बापानं. "अल्लाह त्याले जन्नत देवो, पण हे वायर नाही, सुतळी हाये! यावर एसी चालवला तं खोली थंडी होईन, अन् बाकी घर पेटन!" झालं! मीटरपासून वेगळी जाडी वायर, वेगळं बटन, वर व्होल्टेज सांभाळाले एक डबडं, अन् वरून म्हणे तुमच्या घराले अर्थिंगच नाही. म्हटलं, आमचं सारं आयुष्य गेलं या घरात, काही अडलं नाही अर्थिंगावाचून. तं हळूच म्हणे, "काका, मशीनीत करंट उतरला अन् बाळंतिणीचा हात लागला, मंग?" आता हे ऐकल्यावर कोणता बाप उभा राहीन हो? कुदळ घेतली अन् मीच खणला खड्डा, चांगला माणूस उभा राहीन असा! त्यात तांब्याची पट्टी पुराची, अन् भोवताल मीठ अन् कोळसा, थरावर थर. मीठ आणलं दुकानातून. पण कोळसा? घरोघरी गॅस आला, आता कोळसा कुठी भेटते? तेवढ्यात मले आठवलं, अरे, आपल्या गोठ्यात पोतं हाये ना! बाभळीचा कोळसा, खणखण वाजणारा! मतीन तं खूष, "ऐसा कोयला मार्केट में नहीं मिलता, काका!" ओतलं सारं पोतं खड्ड्यात, वर माती, वर पाण्याच्या बादल्या. म्हटलं चला, एक काम तं मनासारखं झालं.

अन् त्याच संध्याकाळी फोन. "मामाजी, एसी बसला का?" म्हटलं, खड्डा झाला जावईबापू, पहिल्या नंबरचा! पण ते हासले नाही. "अर्पिताला आज चक्कर आली. परवाचं तिकीट आहे, मामाजी. एसी बसला तर येतो, नाहीतर रद्द करतो." अन् त्यांच्यामांगून पोरीचा आवाज आला, "बाबा, मले तिथीच याचं हाये…" लहानपणी जत्रेत एकदा हात सुटला होता तिचा, तवा असा आवाज आला होता. फोन ठेवला. अन्नपूर्णाबाईनं हातातली दुपटी बाजूले ठेवली. म्हणे, "त्या खोलीत एक तं कापूस राहीन, नाही तं माही पोरगी. काय ठेवाचं ते ठरवा." अन् उठून भाकरी टाकाले गेली.

ठरवलं! काय ठरवाचं होतं त्यात? सकाळीच गावात येऊन माल घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्या व्यापाऱ्याले बलावलं, दारात गाडी लावली. शंकरराव टपरी सोडून धावत आला, "बह्याड झाले का उकंडराव? आठ दिवस! फक्त आठ दिवस थांबा, भाव आभाळाले टेकन!" सारी गल्ली हासून राह्यली, अन् मी खाली मान घालून कापूस भरून राह्यलो. खोटं कायले सांगू, गाडी कोपऱ्यावर वळली तवा माहे डोळे भरले. दिवाळीपासून सांभाळला होता हो! रात रात खाजवलं होतं त्याच्यापायी!

मंग खोली झाडली, धुतली, अन् मतीननं भिंतीले ड्रिल लावलं. आमची भिंत मातीची, दोन हात जाड. ड्रिल संपलं पण भिंत संपेना. शेवटी पहार घेतली, अन् असं भोक पडलं का त्यातून मांजर आरामात ये-जा करन. अर्धी मशीन अंदर, अर्धी बाहेर, अन् मधात तांब्याची नळी. बाहेरची मशीन तो मांगच्या भिंतीले लावतो म्हणे. म्हटलं, कायले? आमच्या गल्लीतला पहिला एसी, अन् तो उकिरड्याच्या बाजूले लपवतं? इथी लाव, समोर, ओट्यावर, माह्या बाजेच्या डोक्याशी! येणाऱ्या-जाणाऱ्याले दिसला पायजे! तं म्हणे, "काका, ही गरम हवा फेकते." म्हटलं, अबे, थंडीची मशीन गरम हवा कशी फेकन? मले शिकवतं का? त्यानं नुस्ती मान हलवली अन् लावून देली. त्याच्या त्या मान हलवण्यातच मी समजाले पायजे होतं.

बटन दाबलं… अन् आली ना गार हवा! अन्नपूर्णाबाईनं मशीनीखाली पदर पसरला, ओटी भरून घेते तसा. त्या संध्याकाळी फोन मीच लावला. म्हटलं, जावईबापू, विचारा! "काय विचारू, मामाजी?" अहो, रोज विचारता ते! "एसी बसला का?" बसलाऽऽऽ! गल्लीतले कुत्रे उठून भुकाले लागले.

अन् आता ऐका. शंकररावाचे आठ दिवस काही भरलेही नसतील, तं कापसाचा भाव धाडकन खाली! दुसऱ्या दिवशी अजून खाली! अन् मंग पडतच गेला, पडतच गेला… अन् माहा कापूस? गेला होता हो माहा कापूस! तुमाले सांगतो, मले इतकं मोकळं वाटलं, इतकं मोकळं, का छातीवर बसलेलं कोणी उठून गेल्यावानी. अक्कल माही नव्हती त्यात, कबूल करतो. पोरीनं वाचवलं, अन् त्या मशीनीनं. पण हासाची सोय हाये का? साऱ्या गावाच्या घरात कापूस पडलेला, लेकरं खाजवून राह्यले, बाया रडकुंडीले आलेल्या. ते पाहून खरंच जीव तुटे. मी टपरीवर जाऊन सगळ्यात लंबं तोंड करून बसत होतो, अन् घरी आलो का एसीच्या खोलीत जाऊन, दार लावून, एकटाच हासून घेत होतो.

पोरगी आली. पोरीले पोरगी झाली. मेहकरच्या दवाखान्यात, सारं सुखरूप, बीपीही ठिकाणावर! नर्सनं ते गाठोडं माह्या हातात देलं, कापसाहून हलकं!

घरी आणलं, अन् मंग आली भिमाबाई. गल्लीतल्या साऱ्या लेकराले तेल लावणारी अन् बाळंतिणीले शेक देणारी. दारातूनच ओरडली, "अन्नपूर्णे! बाळंतिणीच्या खोलीत हिवाळा कोणं आणला? कान बांध पोरीचे! बंद कर ते डबडं, अन् बाजेखाली शेगडी ठेव!" अन् अन्नपूर्णाबाई, जिनं त्या डबड्यापायी माहा कापूस विकाले लावला, ती म्हणते कशी, "हाव मावशी! शेकाचा कोळसा तं कवाचा भरून ठेवला, गोठ्यात पोतं हाये." अन् गेली गोठ्यात…

मी चप्पल शोधाले लागलो.

"अवोऽऽ! कोळशाचं पोतं कुठी?" म्हटलं, गाडलं. "काय?" गाडलं म्हटलं, अर्थिंगात. "नातीच्या शेकाचा कोळसा तुम्ही जमिनीत गाडला? माह्या बापाच्या वावरातल्या बाभळीचा होता तो!" भिमाबाई म्हणे, आत्ताच्या आत्ता उकरा. मतीनले फोन लावला तं तो तिकडून बोंबलते, "काका, काही बी उकरा, अर्थिंग उकरू नका! आक्छी!" अजून शिंकते बिचारा. अर्पिता म्हणे, डॉक्टरीणबाईनं सांगितलं, मशीन हलकी ठेवाची अन् बंद खोलीत धूर नाही कराचा. पण भिमाबाई ऐकते का? "साऱ्या गावाले म्याच शेकलं! आज नुस्तं तेल लावतो, उद्या कोळसा पायजे!" अन् दार लावून बसली मालिश कराले. बाहेर लाही लाही उन्ह, अंदर मशीन चालूच. मालिश झाली, बाळ झोपलं, बाळंतीण झोपली. भिमाबाई म्हणे, उलीसक कंबर टेकतो… अन् उठली ते संध्याकाळच्या चहालेच! दुसऱ्या दिवशी म्हटलं, भिमाबाई, कोळसा आणतो बरं. तं म्हणे, "राहू दे बापू. दवाखान्यावाले काही खोटं सांगत नाही."

तवापासून भिमाबाई सकाळी येते अन् दिवस बुडाले जाते. तिच्यामांगं समोरच्या घरची मंजुळाबाई, बाळ पाहाले. मंजुळाबाईमांगं शेजारची नूरबी, घरच्या शेवया घेऊन. बाळ तं पाहून झालं, तरी उठाचं नाव नाही! खोलीतला कापूस गेला अन् बाया भरल्या, या भिंतीपासून त्या भिंतीपरेंत! काल मी नातीले पाहाले उलीसं दार उघडलं, तं अंदरून सगळ्या एका आवाजात, "दार लावा, थंडी जाते!"

अन् मी? मी कुठी असन हो? ओट्यावर, माह्या बाजेवर. अन् डोक्याशी ती मशीन, जी मीच हौसेनं तिथी लावाले सांगितली. दिवसभर गरम हवेचा झोत… टाळूवर, मानीवर, कमरीवर. काल पुन्हा फोन आला. सवयीनं विचारलं त्यांनी, "मामाजी, एसी बसला ना व्यवस्थित?" म्हटलं, एकदम व्यवस्थित, जावईबापू! तुमची बायको गारव्यात, तुमची पोरगी गारव्यात, भिमाबाईसकट सारी गल्ली गारव्यात. बाळंतिणीचा तेवढा शेक राह्यला होता… तो मी घेऊन राह्यलो!